एकाच सीडी प्लेअरला कोणी वॉर्म म्हणतं, कोणी कर्कश, मग ऐकायचं कुणाचं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. मधल्या किमतीचा एक ऑडिओफाइल (म्हणजे आवाजाच्या शौकिनांसाठीचा) सीडी प्लेअर घ्यायचाय, मॉडेल जवळपास ठरलंय, आणि तो वापरणाऱ्या चौघांना विचारलं तर चौघांनी चार गोष्टी सांगितल्या. पहिला म्हणतो आवाज इतका मोकळा की जुन्या डिस्क नव्याने ऐकतोय असं वाटतं. दुसरा म्हणतो कर्कश आहे, अर्ध्या तासात कान किटतात, विकायला काढलाय. तिसरा म्हणतो आवाज मवाळ, झोपाळू, बेस ढिला. आणि चौथा आवाजाबद्दल काही बोलतच नाही, त्याची तक्रार एवढीच की दीड वर्षात डिस्क वाचेनासा झाला. तुम्ही विचारताय ह्यातलं खोटं कोण बोलतंय.

कोणीच नाही. मी गेली २२ वर्षं असले प्लेअर उघडतोय, दुरुस्त करतोय, लोकांच्या घरी जाऊन लावून देतोय, आणि माझं मत असं झालंय की पहिल्या तिघांनी तुम्हाला स्वतःच्या घराबद्दल सांगितलं, प्लेअरबद्दल बोलला तो फक्त चौथा. मॉडेलचं नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण नाव बदललं तरी हीच चार मतं ह्या किमतीतल्या जवळजवळ प्रत्येक प्लेअरबद्दल ऐकायला मिळतात, शब्दसुद्धा तेच असतात.

एक किस्सा सांगतो. माझ्याकडे एकाच महिन्यात दोन जण आले, दोघांकडे एकच मॉडेल, वर्षही तेच. एकाचं म्हणणं हा फार ब्राइट वाजतो, काहीतरी करा. दुसऱ्याचं म्हणणं ह्याला वरचं टोकच नाहीये, सिम्बल्स (ड्रमच्या झांजा) ब्लँकेटखाली ठेवल्यासारखे वाटतात, काहीतरी करा. मी दोन्ही टेबलावर घेतले, टेस्ट डिस्क लावली, २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत मोजले, दोघांच्या रेषा एकमेकींवर ठेवल्या तर वेगळ्या ओळखूही येत नव्हत्या. मग मी एक आगाऊपणा केला (नंतर दोघांनाही सांगितला, दोघांनीही माफ केलं), परत देताना प्लेअरची अदलाबदल करून दिली. ब्राइटवाला म्हणाला अजून तसाच आहे हो. ब्लँकेटवाला म्हणाला काही फरक नाही. प्लेअर इकडचा तिकडे गेला पण तक्रार आपापल्या घरीच राहिली! मग दोघांच्या घरी गेलो. एकाकडे खोली उघडी, गुळगुळीत फरशी, दोन भिंतींना काचा, मेटल ट्वीटरचे (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या भागाचे) स्पीकर थेट कानाकडे रोखलेले. दुसऱ्याकडे जाड पडदे, गालिचा, गुबगुबीत सोफा, स्पीकर कोपऱ्यात आणि त्यावर जाळ्या. ह्यात प्लेअर काय करणार.

आता हे ऐकून तुम्ही म्हणाल की मग सगळे प्लेअर सारखेच वाजतात का. तसंही नाही, पण फरक कुठून येतो ते लोक जिथे शोधतात तिथे तो बहुतेक वेळा नसतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आउटपुटचा व्होल्टेज. सीडी प्लेअरचं ठरलेलं आउटपुट साधारण २ व्होल्ट, पण हे काही कायद्यासारखं कोणी पाळत नाही, कुणी २ देतो, कुणी २.३, कुणी २.५. ऐकायला किरकोळ वाटतं ना? २ आणि २.३ मधला फरक १.२ डीबी (डेसिबल) होतो. आता १ डीबीच्या आसपासचा फरक माणसाला "मोठा आवाज" म्हणून कळतच नाही, तो कळतो "जास्त स्वच्छ", "जास्त जिवंत", "बेसला वजन आलं" असा. कान मुळात असेच बनलेत, आवाज वाढला की खालचे आणि वरचे सूर जास्त भरतात, फ्लेचर आणि मन्सन ह्या संशोधकांनी १९३३ सालीच ह्याच्या रेषा काढून ठेवल्यात. तर तुमचा पहिला माणूस, ज्याला जुन्या डिस्क नव्याने सापडल्या, त्याने जुना प्लेअर काढला, नवा लावला, व्हॉल्यूमचं बटण होतं तिथेच ठेवलं आणि ऐकलं. त्याने खरंच काहीतरी चांगलं ऐकलं, त्याबद्दल वाद नाही, फक्त ते बटण थोडं फिरवून फुकटात मिळालं असतं.

लेव्हल जुळवायची असेल तर सोपं आहे. ४०० हर्ट्झचा टेस्ट टोन असलेली डिस्क घ्या, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा, दोन्ही प्लेअरचा आकडा एक टक्क्याच्या आत आणा. एक टक्का म्हणजे साधारण ०.१ डीबी. ४०० हर्ट्झ मुद्दाम सांगतोय, स्वस्त मल्टिमीटर त्याच्या वर गेलं की खोटं बोलायला लागतात. हे एवढं केलं की माझ्या अनुभवात "जमीन-अस्मानाचा फरक" निम्म्याहून जास्त वेळा "हं, थोडा असेल फरक" एवढ्यावर येतो. हे मी ग्राहकासमोर करतो तेव्हा काही जण रागावतात, तो भाग वेगळा.

ह्याच व्होल्टेजची दुसरी बाजू ॲम्पकडे आहे. बरेच इंटिग्रेटेड ॲम्प अजूनही असे आहेत की २०० मिलिव्होल्ट इनपुटला पूर्ण पॉवर देतात, ही सवय टेप डेक आणि ट्यूनरच्या काळातली, त्यांचं आउटपुट कमी असायचं. त्यावर २.३ व्होल्टचा प्लेअर लावला म्हणजे गरजेपेक्षा २१ डीबी जास्त सिग्नल येतो. मग होतं काय की व्हॉल्यूमचं बटण घड्याळाच्या नऊच्या पुढे नेताच येत नाही, आणि साध्या व्हॉल्यूम पॉटचा (बटणामागच्या भागाचा) सगळ्यात खालचा भाग म्हणजे डावं-उजवं सर्वात जास्त चुकतं ती जागा, दोन चॅनेलमध्ये दोन-तीन डीबीचा फरक सहज. गायिका मधोमध उभी असायची ती एका स्पीकरकडे सरकते, आणि मालक लिहितो "साउंडस्टेज नाही", म्हणजे कोण कुठे उभं आहे ते कळत नाही. अहो प्लेअरने साउंडस्टेज बरोबर दिला होता, बटणाने वाकडा केला. मधे बसवायचे, सिग्नल कमी करणारे छोटे ॲटेन्युएटर मिळतात, १० डीबीचे, ते लावून बघा, पुष्कळांचा प्लेअर त्याने "सुधारलाय".

(सीडी प्लेअर फोनो इनपुटला, म्हणजे तबकडीवाल्या रेकॉर्ड प्लेअरच्या जागेला, जोडून "बेस फारच आणि आवाज फाटतो" म्हणणारेसुद्धा भेटलेत मला. हसू नका, अंधारात ॲम्पच्या मागे हात घालून वायर लावताना कुणाचंही होतं.)

तिसऱ्या माणसाच्या ढिल्या बेसबद्दल. बहुतेक वेळा खोली. साडेतीन मीटर लांबीच्या खोलीत ४९ हर्ट्झच्या आसपास आवाज स्वतःवरच आपटून फुगतो, डबल बास किंवा तबल्याचा डग्गा घुमायला लागला की समजायचं, आणि खुर्ची अर्धा मीटर पुढे घेतली की तोच प्लेअर "टाइट" होतो. पण इथे एक खरंच प्लेअरचं कारण पण असू शकतं ते सांगून ठेवतो. काही प्लेअरमध्ये आउटपुटला ट्यूब (जुन्या रेडिओतला व्हॉल्व्ह) असते आणि तिच्यापुढे एक कपॅसिटर असतो डीसी अडवायला. तो कपॅसिटर आणि पुढच्या ॲम्पचा इनपुट इम्पीडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध, ओहममध्ये) दोघं मिळून ठरवतात की बेस कुठे तुटायचा. समजा ०.४७ मायक्रोफॅरड आहे. ॲम्प ४७ किलोओहमचा असेल तर तोड ७ हर्ट्झला, काही ऐकू येणार नाही. पण ॲम्प १० किलोओहमचा निघाला तर तीच तोड ३४ हर्ट्झला येते, म्हणजे सगळ्यात खालचा बेस पातळ, आणि त्याच्या जरा वर फेजची गडबड. एकच प्लेअर, दोन ॲम्प, दोन वेगळे बेस, आणि दोन्ही मालक खरं बोलतायत! म्हणून तुमच्या मॉडेलमध्ये ट्यूब असेल तर आधी ॲम्पच्या मॅन्युअलमध्ये इनपुट इम्पीडन्स बघा, रिव्ह्यू नंतर वाचा. साधा ऑप-अँप (ॲम्प्लिफायर चिप) आउटपुट असेल तर ही काळजी सहसा सोडून द्या.

आता दुसरा माणूस, कर्कशवाला. ह्याच्याबद्दल मला थोडी सहानुभूती आहे कारण त्याचा दोष बहुधा डिस्कमध्ये असतो आणि कोणी त्याला ते सांगत नाही. १९९० नंतर डिस्कवर आवाज जास्त जास्त जोरात भरायची चढाओढ लागली, एकाच अल्बमची ऐंशीच्या दशकातली डिस्क आणि नंतरची रीमास्टर डिस्क लावून बघा, सहा-आठ डीबीचा फरक सहज सापडतो, आणि तो जोर आणण्यासाठी शिखरं छाटलेली असतात. त्यातही एक बारकावा आहे. डिस्कवरचे आकडे सगळे मर्यादेत असले तरी दोन सॅम्पलच्या (ठराविक क्षणांना मोजलेल्या आवाजाच्या आकड्यांच्या) मधे खरी लाट त्या मर्यादेच्या वर जाऊ शकते, कधी कधी ३ डीबीपर्यंत. प्लेअरमधला डिजिटल फिल्टर ती मधली लाट रेखाटायला जातो आणि त्याच्याकडे वर जागा शिल्लक नसेल तर तिथे कापतो. काही डिझायनर ही जागा ठेवतात, काही ठेवत नाहीत. म्हणजे जोरात भरलेली डिस्क एका प्लेअरवर फक्त थकवते आणि दुसऱ्यावर थकवते आणि वर चरचरते. जो माणूस फक्त जुनी रेकॉर्डिंग ऐकतो त्याला हा फरक जन्मात कळणार नाही आणि तो छातीठोकपणे सांगेल की प्लेअर गोड आहे. म्हणून मी मालकाला आधी विचारतो, तुमच्याकडच्या डिस्क कुठल्या?

ह्याच्या उलटा एक प्रकार आहे तो फार कमी लोकांना माहीत असतो म्हणून जरा थांबून सांगतो. ऐंशीच्या दशकातल्या काही डिस्क प्री-एम्फसिसने बनवलेल्या असायच्या. म्हणजे रेकॉर्ड करताना वरचे सूर मुद्दाम उचलायचे, २० किलोहर्ट्झला जवळपास साडेनऊ डीबी, आणि डिस्कवर एक खूण ठेवायची की प्लेअरने वाजवताना ते परत खाली आणावेत. प्लेअर ते गुपचूप करतो. पण तीच डिस्क कुणी कॉम्प्युटरवर कॉपी केली आणि कॉपी करणाऱ्या सॉफ्टवेअरने ती खूण बघितली नाही, तर फाइलमध्ये वरचे सूर उचललेलेच राहतात. मग हा माणूस फाइल आणि प्लेअर शेजारी लावून ऐकतो आणि म्हणतो, सीडी प्लेअर किती मंद, फाइल किती स्पष्ट! मी स्वतः एकदा ह्याच भानगडीत दोन संध्याकाळी घालवल्यात, प्लेअरचं पूर्ण आउटपुट बोर्ड तपासलं, ऑप-अँपसुद्धा बदलून बघितले, आणि मग लक्षात आलं की प्लेअर एकटाच बरोबर वागत होता. मालकाला मात्र ती चुकीची फाइलच आवडली, त्याला मी काय करू.

फिल्टरबद्दल थोडंच. हल्लीच्या बऱ्याच प्लेअरमध्ये दोन-तीन फिल्टर निवडता येतात, शार्प, स्लो वगैरे. फरक असतो, पण तो बहुतेक १५ किलोहर्ट्झच्या वर असतो आणि पन्नाशीच्या माणसाला तिथपर्यंत सहसा ऐकूच येत नाही, मलाही नाही. अपवाद नॉन-ओव्हरसॅम्पलिंगवाले, ज्यात फिल्टरच नसतो. त्यात २० किलोहर्ट्झला ३ डीबीहून थोडी जास्त घट असते, ती १० च्या आसपासच सुरू होते, आणि त्याच्या वर मूळ सुरांची नको ती सावली पण बाहेर पडते. त्याला लोक "ॲनालॉगसारखा" म्हणतात. आवडत असेल तर घ्या, पण मग ते डिस्कवर जसं आहे तसं ऐकतोय असं म्हणू नका.

आणि ते डॅक चिपचं (डिस्कवरच्या आकड्यांचा सिग्नल बनवणाऱ्या चिपचं) नाव विचारणं बंद करा बुवा. लोकांना चिपच्या नावावरून आवाज सांगायची सवय लागलीय, म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मरांट्झच्या सीडी६००५ आणि सीडी६००६ दोन्हीत सिरस लॉजिकची तीच सीएस४३९८ चिप होती, तरी दोघांचे मालक दोन्हींमध्ये फरक ऐकल्याचं सांगतात. पुढच्या सीडी६००७ मध्ये एकेएमची एके४४९० आली. चिपच आवाज ठरवत असती तर पहिले दोन सारखे आणि तिसरा एकदम वेगळा ऐकू यायला हवा होता, मी ऐकलेल्या मतांमध्ये असं काही नीट पडत नाही. चिप हा सगळ्या प्रकरणातला सर्वात कमी चुकणारा भाग आहे. १९८२ मध्ये सीडी आली तेव्हा फिलिप्सचे पहिले प्लेअर १४ बिटच्या टीडीए१५४० वर चालायचे, चौपट ओव्हरसॅम्पलिंग करून (म्हणजे मधले सॅम्पल हिशोबाने भरून), आणि त्यांचा आवाज लाभलेले कान आजही त्यांची आठवण काढतात. डॅक चिपचा प्रश्न तेव्हाच बराचसा सुटलेला होता. बिघडतो तो पॉवर सप्लायचा कपॅसिटर, बिघडतो म्यूट रिले, बिघडतो बेल्ट.

बर्न-इनबद्दल (वाजवून वाजवून आवाज सुधारतो ह्याबद्दल) विचाराल म्हणून आधीच सांगतो. "पहिले ५० तास कर्कश, २०० तासांनी उघडला" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय. नवा प्लेअर पहिल्या दिवशी मोजून ठेवला आणि चार महिन्यांनी तोच परत मोजला, असं मी तीन-चार वेळा केलंय, फरक मोजमापाच्या चुकीइतकाच. कपॅसिटर सेट व्हायचे असतील तर ते काही तासांत होतात. २०० तासांत सेट होतो तो ऐकणारा, आणि त्यात वाईट काही नाही, फक्त त्याच्या भरवशावर परत करायची मुदत घालवू नका. पहिल्या आठवड्यात खुपतंय ते खुपतंयच. केबलवर मी वाद घालत नाही, वायरचे कनेक्टर घट्ट बसतात ना एवढं बघतो.

आता चौथ्या माणसाकडे येतो, ज्याचं तुम्ही प्रश्नात सगळ्यात कमी मनावर घेतलंय आणि जो माझ्या लेखी एकटाच प्लेअरबद्दल बोललाय.

डिस्कवर १.६ मायक्रॉन अंतराने एक सर्पिल रेघ असते, ७८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड लेझर तिच्यावर रोखून धरायचा असतो, आणि डिस्क आतल्या टोकाला मिनिटाला ५०० फेरे तर बाहेरच्या टोकाला २०० फेरे अशी सतत वेग बदलत फिरत असते. हे सगळं प्लास्टिकच्या गिअरवर, एका छोट्या मोटरवर, बारीक वायरवर लटकलेल्या लेन्सवर चालतं. मधल्या किमतीत कंपन्या बोर्ड छान देतात, ट्रान्सफॉर्मर मोठा देतात, पुढची पट्टी ॲल्युमिनियमची देतात, पण मेकॅनिझम बहुतेक वेळा तोच असतो जो साध्या म्युझिक सिस्टिममध्येही वापरतात. तो वाईट असतो असं नाही, काही दहा-पंधरा वर्षं चालतात. पण नशिबाचा भाग इथे सगळ्यात जास्त. एकाच बॅचमधले दोन पिकअप (लेझर आणि लेन्सचा भाग), एकाचा लेझर करंट दहा वर्षांनी जेमतेम वाढलेला, दुसऱ्याचा तिसऱ्या वर्षीच दीडपट, हे मी पाहिलंय. म्हणून एका मालकाचा प्लेअर दीड वर्षात गेला ह्यावरून मॉडेल वाईट ठरत नाही, पण दहापैकी चार जण तेच सांगत असतील तर मग कुठल्याही रिव्ह्यूतले "मखमली मिड्स" बाजूला ठेवा.

तरी ह्यातही मालकाचा हात किती हे बघावं लागतं. ॲम्पच्या डोक्यावर प्लेअर ठेवला की खालून सतत गरम हवा, लेझरला उष्णता अजिबात मानवत नाही आणि पिकअप सरकवणाऱ्या स्लेडच्या रुळावरचं ग्रीस वाळून चिकट होतं. धुराची सवय असलेल्या घरातल्या लेन्सवर पिवळट थर बसतो, तो मी कापसावर घेऊन मालकाला दाखवतो. आणि घरी लिहिलेल्या डिस्क! छापील सीडी किमान ७० टक्के प्रकाश परत फेकते, सीडी-आर (एकदाच लिहायची) साधारण तिच्या जवळ जाते, पण सीडी-आरडब्ल्यू (पुसून परत लिहायची) फक्त १५ ते २५ टक्के. म्हातारा होत चाललेला लेझर छापील डिस्क अजून दोन वर्षं वाचेल आणि आरडब्ल्यू आजच नाकारेल. "माझ्या डिस्क वाचत नाही" म्हणणाऱ्याला मी म्हणून पहिला प्रश्न विचारतो, छापील की लिहिलेल्या.

इथे एक गैरसमज मोडून टाकतो. लोक म्हणतात लेझर कमजोर झाला म्हणून आवाज मंद झाला, ट्रान्सपोर्ट (डिस्क फिरवून वाचणारा भाग) भारी असेल तर बेस खोल जातो. सीडीचं वाचन असं हळूहळू उतरत नाही. डिस्कवरची माहिती जादा बिट घालून विखरून लिहिलेली असते, सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची सलग खोट दुरुस्त होते आणि आकडे अगदी मूळचे परत मिळतात, अंदाजपंचे नाही. त्यापलीकडे गेलं तर प्लेअर आजूबाजूच्या सॅम्पलवरून मधला भरतो, आणि त्याहून पुढे गेलं तर टिक ऐकू येतो, अडकतो, उडी मारतो किंवा गप्प बसतो. म्हणजे एकतर बरोबर किंवा उघड बिघाड. मवाळ, झोपाळू, धूसर हे शब्द त्या वाटेने येत नाहीत. शंका असेल तर प्लेअरचं डिजिटल आउट कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करा आणि मूळ डिस्कच्या फाइलशी वजा करून बघा, चांगल्या चाललेल्या स्वस्त प्लेअरचंही उत्तर शून्य येतं. जिटरची (घड्याळाचे ठोके किंचित मागेपुढे होण्याची) चर्चा मी आतल्या डॅकवाल्या प्लेअरमध्ये फारशी करत नाही, कारण घड्याळ डॅकशेजारीच बसलेलं असतं.

तर आता ह्या चौघांना तुम्ही परत भेटलात तर काय विचाराल? कसा वाजतो हे विचारू नका, त्याचं उत्तर मिळालंय आणि उपयोग झाला नाही. ह्याच्या आधी कुठला प्लेअर होता ते विचारा. ॲम्पचं बटण रोज कुठपर्यंत जातं ते विचारा. तीन डिस्कची नावं विचारा, कुठल्या साली छापलेल्या ते पण. खोलीत जमिनीवर काय आहे, स्पीकर भिंतीपासून किती लांब. किती महिने वापरलाय आणि दिवसाला किती तास, ट्रे आत-बाहेर होताना थबकतो का, डिस्क ओळखायला आधी किती सेकंद लागायचे आणि आता किती लागतात. आणि दुरुस्तीला गेला असेल तर पार्ट मिळाला का, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण पिकअप मिळेनासा झाला की मग हजार गुण असून तो फक्त वजनदार डबा उरतो.

आणि ज्याचं घर तुमच्या घरासारखं, ज्याचे स्पीकर तुमच्यासारखे आणि ज्याच्या डिस्क तुमच्यासारख्या त्याचं मत जास्त धरा, मग तो एकटा का असेना. तुमच्या वर्णनावरून तुमची खोली छोटी, पडदे-गालिचावाली, आणि स्पीकर थोडे मऊ. म्हणजे कर्कशवाल्याची तक्रार तुमच्याकडे उगवायची शक्यता कमी, झोपाळूवाल्याची जास्त, आणि ती आली तर प्लेअर बदलण्याआधी जाळ्या काढा आणि स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढा.

दुसऱ्या माणसाने विकायला काढलेलाच घ्यायचा विचार असेल (तुम्ही तसं सुचवलंयत), तर घ्यायला हरकत नाही, कर्कश म्हणून विकलेला प्लेअर सहसा तब्येतीने ठणठणीत असतो. बघायला जाताना स्वतःच्या तीन डिस्क न्या. एक ७४ मिनिटांच्या वर असलेली, तिचा शेवटचा ट्रॅक लावा, कारण सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि डिस्क डगमगत असेल तर बाहेरच्या कडेलाच जास्त हलते. एक जरा ओरखडे पडलेली, पण ओरखडे चमकत्या बाजूला हवेत, लेबलच्या बाजूला खोल ओरखडा असेल तर चंदेरी थरच गेलेला असतो, ते जगातला कुठलाच प्लेअर वाचत नाही. तिसरी सीडी-आर, जमल्यास चार-पाच वर्षं जुनी. प्लेअर आधीपासून चालू ठेवलेला असेल तर बंद करायला सांगा, अर्धा तास गप्पा मारा, थंड झाला की पहिली डिस्क टाका आणि मनात सेकंद मोजा. चार-पाच सेकंदांत ट्रॅकची संख्या दिसली तर बरं. दहाच्या वर गेला, किंवा आतून खर्र-खर्र करून दोनदा प्रयत्न केला, तर लेन्स पुसून होतंय का ते मालकाला त्याच्या खर्चाने बघू द्या आणि तुम्ही पुढच्या आठवड्यात परत जा.